चुनखडीच्या कड्यावरील झाडे तोडणे हे संवर्धन कसे?

प्रश्न असा विचारला गेला आहे: नदीखोऱ्यातील चुनखडीचे कडे दुर्मीळ वनस्पतींसाठी राखीव ठेवले जातात, आणि मग त्याच कड्यांवर संवर्धनाच्या नावाखाली झाडे तोडली जातात, झुडपे छाटली जातात, शेळ्या सोडल्या जातात. कडा ही माणसाचा हात सहसा न पोहोचणारी जागा असेल, तर तिला एकटे सोडणे हेच खरे संरक्षण नव्हे काय? कड्यांवरील वनस्पतींच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि हा प्रश्न मला रास्त वाटतो. थोडक्यात सांगायचे तर कड्याचा सरळ उभा भाग बहुतेक वेळा खरोखरच एकटा सोडावा. परंतु माथ्याची कड, मधल्या अरुंद पायऱ्या आणि पायथ्याचा उतार तसे सोडले, तर ज्यांच्यासाठी ती जागा राखली त्याच वनस्पती काही दशकांत तिथून नाहीशा होतात. मात्र कोणते झाड तोडायचे हे ठरवणे तोडण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, आणि उत्तराचा मोठा भाग त्याविषयी आहे. उदाहरण म्हणून मी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराला लागून असलेली एव्हन नदीची घळई घेतो, कारण या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू तिथे एकत्र दिसतात.

प्रथम या वनस्पती कड्यावर का असतात ते पाहू. चुनखडीचा कडा ही वाढीसाठी वाईट जागा आहे. भेगांमध्ये जमलेली माती बोटभर जाडीचीही नसते. ती अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह आणि स्फुरद मातीत असूनही मुळांना सहज मिळत नाहीत, आणि आम्लधर्मी मातीला सरावलेली रोपे अशा ठिकाणी पिवळी पडून मरतात. पाणी खडकाच्या सांध्यांतून खाली निघून जाते. दक्षिणेकडे तोंड असलेला कडा उन्हाळ्यात इतका तापतो की त्या अक्षांशावर अन्यत्र न आढळणाऱ्या, दक्षिण युरोपातील वनस्पती तिथे तग धरतात. यावरून असा समज होतो की दुर्मीळ वनस्पतींना हा खडतरपणा आवडतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिस्टलचा कांदा म्हणून स्थानिक लोक ज्याचा अभिमान बाळगतात तो गोल डोक्याचा, जांभळ्या फुलांचा रानकांदा ब्रिटनच्या मुख्य भूमीवर नैसर्गिकरीत्या केवळ या घळईत उगवतो. परंतु हीच प्रजाती भूमध्य समुद्राभोवती सर्वत्र आहे आणि तिचे कंद बागेत लावण्यासाठी सर्रास विकले जातात. तण काढलेल्या वाफ्यात हा कांदा उत्तम वाढतो. त्याला जमत नाही ते एवढेच, की उंच गवत आणि झुडपे यांच्याशी उजेडासाठी झगडणे. कडा त्याला पोसत नाही, कडा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवतो. हे एकदा नीट लक्षात आले की पुढची सारी कामे त्यातूनच सुचतात.

अशा जागेत जगण्याच्या रीती मात्र पाहण्यासारख्या आहेत. हॉर्नंगिया आणि त्रिदली पानांचा छोटा सॅक्सिफ्रेज यांसारख्या वर्षायू वनस्पती शरद ऋतूत रुजतात, हिवाळाभर नखाएवढ्या राहतात, वसंताच्या सुरुवातीला फुलतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी बी टाकून मोकळ्या होतात. कडक उन्हात त्या केवळ बीरूपाने शिल्लक असतात. पाठीवर तांबूस खवले असलेला रस्टीबॅक नावाचा नेचा दुसरा मार्ग घेतो. पाणी संपले की त्याची पाने आतल्या बाजूला गुंडाळली जातात, पूर्ण वाळल्यासारखी दिसतात आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवी होतात. घळईतील होनवर्ट ही गाजराच्या कुळातील ठेंगणी वनस्पती अनेक वर्षे पानांच्या लहानशा चक्राच्या रूपात राहते, एकदाच फुलते आणि मरते. शिवाय तिची नर आणि मादी रोपे वेगळी असतात, म्हणून एखाद्या पायरीवर दोन-चार रोपे उरली तर ती एकाच वेळी फुलतील आणि त्यांत दोन्ही प्रकार असतील याची शाश्वती राहत नाही. मलईच्या रंगाच्या फुलांचे ब्रिस्टल रॉकक्रेस, म्हणजे अरॅबिस स्काब्रा, हे मोहरीच्या कुळातील रोप फ्रान्स, स्पेन, स्वित्झर्लंड येथे आढळते, परंतु ब्रिटनमध्ये ते मूळचे याच घळईत आहे.

हिमयुग सरले तेव्हा उत्तर युरोपाचा मोठा भाग उघडा होता आणि उजेडप्रिय वनस्पती दूरवर पसरलेल्या होत्या. नंतर जंगल दाटत गेले तसे त्यांना कडे, दरडी आणि समुद्रकिनारे एवढेच मोकळे तुकडे उरले. मग माणूस आणि त्याची जनावरे आली. एव्हनच्या घळईच्या माथ्यावरील क्लिफ्टन आणि डर्डम डाउन्स या गायरानांवर शतकानुशतके मेंढ्या चरत होत्या. 1861 च्या कायद्याने ही गायराने लोकांसाठी कायमची मोकळी राखली गेली, तेव्हाही चराई चालू होती. ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बंद पडली. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत तेथील बहुतांश ससे मेले, त्यामुळे चुनखडीवरील आखूड गवत राखणारा उरलासुरला चरणारा प्राणीही गेला. आज ज्याला आपण जुने, स्वाभाविक झुडूपवन समजतो ते कित्येक ठिकाणी यानंतरचे आहे. कड्याला एकटे सोडा असे म्हणताना कोणत्या काळातील एकटेपणा आपल्याला अभिप्रेत आहे, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

सावली हे या वनस्पतींच्या नाशाचे सर्वांत ठळक कारण आहे, पण एकमेव नव्हे. झुडूप एखाद्या पायरीवर स्थिरावले की दरवर्षी त्याची पाने तिथेच पडतात, कुजतात आणि माती जाड होत जाते. जाड माती पाणी धरते, पोषकद्रव्ये वाढतात, खरबरीत गवत आणि आयव्हीची वेल येते, आणि बी रुजण्यासाठी लागणारा उघडा, भुरभुरा चुनखडीचा चुरा झाकला जातो. झुडूप नंतर तोडले तरी ही माती तिथेच राहते. म्हणून उशिरा केलेले काम अर्धेच फळ देते, आणि दाट झालेला तुकडा सोडून नुकता दाटू लागलेला तुकडा आधी हाती घ्यावा, असे माझे मत आहे. पैसा देणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते, कारण अशा तुकड्याचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र सारखेच दिसते.

परकीय वनस्पतींपैकी दोन विशेष त्रासदायक आहेत. कोटोनिॲस्टरची लाल फळे पक्षी खातात आणि बी थेट कड्याच्या भेगांत टाकतात. हे झुडूप खडकाला चिकटून पसरते आणि ज्या उघड्या खडकावर स्थानिक झुडपे सहसा येत नाहीत तोच खडक झाकते. त्याच्या काही प्रजाती रानात लावण्यास किंवा पसरवण्यास ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आहे. दुसरा होम ओक, भूमध्य प्रदेशातील सदाहरित ओक. पानगळीच्या झाडाखाली हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला निदान उजेड पोहोचतो, वर उल्लेखिलेल्या वर्षायू वनस्पतींचे काम तेवढ्यात होऊन जाते. होम ओकखाली तीही सवलत नाही.

आता या कामातील खरा पेच. एव्हनच्या घळईत ज्यांच्यामुळे उजेड अडतो त्या झाडांमध्येच जगातील काही अतिदुर्मीळ झाडे मिसळलेली आहेत. व्हाइटबीम म्हणजे सॉर्बस या वंशातील लहान वृक्ष. पानांची खालची बाजू पांढरट असल्याने वाऱ्यात ते दुरूनही ओळखू येतात. त्यांतील बऱ्याच प्रजाती फलनाशिवाय बी तयार करतात, आणि अशा बीपासून आलेले रोप आईची हुबेहूब प्रत असते. अधूनमधून मात्र लैंगिक प्रजनन करणाऱ्या नातेवाइकाशी संकर होतो, गुणसूत्रांचे संच वाढतात, आणि त्या एका रोपापासून नवी, स्वतःलाच गिरवणारी वंशरेषा सुरू होते. त्यामुळे ही घळई जुन्या प्रजातींचा आसरा तर आहेच, शिवाय तिथे नव्या प्रजाती आजही घडत आहेत. ब्रिस्टल व्हाइटबीम अशीच त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, प्रजाती आहे आणि ती या घळईखेरीज जगात कुठेही रानटी आढळत नाही; तिची झाडे काही शेकड्यांत मोजण्याइतकीच आहेत. विलमॉट व्हाइटबीम हीदेखील केवळ इथलीच आणि आणखी विरळ. कवयित्री आणि वनस्पतिअभ्यासक लिबी ह्यूस्टन यांनी दोरावरून कडे उतरत येथील व्हाइटबीमची पाहणी केली, आणि 2009 मध्ये येथून काही नवे प्रकार शास्त्रीयदृष्ट्या नोंदवले गेले. त्यांतील ह्यूस्टन यांचे नाव दिलेला संकर कड्यावरील एकाच झाडावरून ओळखला गेला.

यातून व्यवहारात काय निघते? करवत घेऊन गेलेल्या गटाला हिवाळ्यात पाने गळलेल्या अवस्थेत व्हाइटबीमचे प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. पानांचे दाते, शिरांची संख्या आणि पिकलेले फळ पाहिल्याशिवाय तज्ज्ञही सावधच असतात. दुसरीकडे, पक्ष्यांची वीण टाळायची तर तोड हिवाळ्यातच करावी लागते. म्हणून ओळख उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पटवायची, राखायच्या झाडांना क्रमांकाचे बिल्ले लावायचे, नकाशावर नोंद करायची आणि तोड पानगळीनंतर करायची, असा दोन ऋतूंचा क्रम ठेवावा लागतो. शंका असलेले झाड राखायचे, हा नियम मी कधीही शिथिल करू देत नाही. गंमत अशी की व्हाइटबीमनाही सावली सोसत नाही. ॲश, सिकॅमोर, होम ओक यांच्या दाटीत ती वाढत नाहीत आणि त्यांची रोपेही उघड्या, खडकाळ जागेतच टिकतात. त्यामुळे योग्य झाडे काढली तर कांद्याचा आणि व्हाइटबीमचा फायदा एकदमच होतो. मात्र घळईच्या बाजूंवरील लाइम (लिंडेन वृक्ष), ॲश आणि मेपल यांचे उतारावरील जंगल हेही युरोपीय पातळीवर संरक्षित अधिवास म्हणून मान्यता पावलेले आहे. म्हणजे एकाच जागी उजेडी गवताळ भाग आणि जंगल या दोन्हींना संरक्षण आहे, आणि सीमारेषा कुठे आखायची हा शेवटी विचारपूर्वक घ्यायचा निर्णय असतो. पूर्वी मोकळे होते ते मोकळे करावे आणि जुन्या वृक्षांच्या जंगलाला हात लावू नये, हा निकष सर्वांत कमी वादाचा ठरतो. त्यासाठी जुनी चित्रे आणि छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

तोडण्याच्या पद्धतीविषयी काही गोष्टी नेमकेपणाने सांगणे आवश्यक आहे. भेगेत रुजलेले झुडूप उपटू नये. मुळांबरोबर दगड सुटतो, भेग रुंदावते आणि शेजारचे दुर्मीळ रोपही जाते. झुडूप बुंध्याशी कापावे आणि ताज्या कापावर लगेच, ब्रशने, तणनाशक लावावे. फवारणी कड्यावर कधीही करू नये. तणनाशक न लावल्यास बहुतेक झुडपे बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटतात. कापलेल्या फांद्या पायरीवर टाकून ठेवणे म्हणजे जी माती वाढू द्यायची नाही तिलाच खत घालणे होय; कितीही त्रासाचे असले तरी त्या खाली किंवा वर न्याव्यात. एकाच हिवाळ्यात संपूर्ण उतार मोकळा करू नये, कारण अचानक आलेल्या उजेडात ब्रॅम्बल (काटेरी रानबेरी) आणि ॲशची रोपे प्रथम झेप घेतात. छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर पुढची काही वर्षे परत जाण्याची तयारी, एवढे हाती नसेल तर काम सुरू न केलेले बरे. आणखी एक मुद्दा अभियंत्यांचा आहे, पण तो वनस्पतीवाल्यांनी विसरू नये. मोठ्या झुडपाची मुळे कुजल्यावर काही वर्षांनी त्यांनी धरलेला खडक सैल होऊ शकतो. खाली वर्दळीचा रस्ता असेल तर कापण्याआधीच भूतंत्रज्ञाचा सल्ला घ्यावा.

एव्हनच्या घळईत 1926 पासून पोर्टवे हा रस्ता थेट कड्यांच्या पायथ्याने जातो, त्यामुळे दगड कोसळण्याची भीती हा तेथील संवर्धनाचाच एक भाग आहे. खडक सुरक्षित करण्याच्या उपायांपैकी काँक्रीटचा फवारा हा वनस्पतींच्या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण तो भेगा कायमच्या बुजवतो. पोलादी जाळी आणि खडकात ठोकलेले निवडक बोल्ट त्या मानाने पुष्कळ बरे. जाळीतून रोपे वर येऊ शकतात, मात्र जाळीत अडकलेला पालापाचोळा साफ करावा लागतो. सैल दगड पाडून टाकण्याचे काम मध्यम. त्यात काही रोपे जातात, पण नवा उघडा खडकही मिळतो. जुन्या दगडखाणींचे कडे आज दुर्मीळ वनस्पतींनी व्यापलेले दिसतात याचे कारण तेच आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा मागे उघडा खडक राहिला आणि शेजारच्या नैसर्गिक कड्यावरून बी येऊन तिथे रुजले. अर्थात या कारणाने नवी खाण सुरू करावी असा निष्कर्ष कोणी काढू नये; मूळ कडा शिल्लक होता म्हणून खाणीला बी मिळाले.

शेळ्यांविषयी लोकांत टोकाची मते आहेत. 2011 मध्ये घळईतील गली नावाच्या कुंपण घातलेल्या भागात सहा शेळ्या आणण्यात आल्या. त्या वेल्समधील ग्रेट ऑर्म या चुनखडीच्याच भूशिरावरून आणलेल्या होत्या, म्हणजे अशा उतारावर वावरायला सरावलेल्या. हे काम 1999 पासून चालू असलेल्या एव्हन गॉर्ज आणि डाउन्स वन्यजीव प्रकल्पाचा भाग आहे. शेळीचा फायदा असा की ती मेंढीसारखे केवळ गवत न खाता झुडपांचे कोंब, होम ओकची पाने आणि ब्रॅम्बल खाते, आणि जिथे माणसाला दोर बांधून जावे लागते तिथे ती सहज उभी राहते. तोटा असा की दुर्मीळ झाड आणि तण यांतला फरक तिला कळत नाही; व्हाइटबीमची साल तिला चवीची वाटू शकते. म्हणून संख्या कमी ठेवावी, महत्त्वाच्या कोवळ्या झाडांना जाळी लावावी, आणि मुख्य म्हणजे माणसाने दाट झाडी आधी काढल्यावर ती पुन्हा वाढू नये यासाठी शेळ्या वापराव्यात. वाढलेले जंगल शेळ्यांकडून साफ करून घेण्याची अपेक्षा ठेवली तर निराशा होते.

प्रस्तरारोहण करणाऱ्यांना सरसकट दोषी ठरवण्याचा मोह टाळावा. कॅनडातील नायगारा कड्याच्या चुनखडीवर ग्वेल्फ विद्यापीठातील डग लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस असे दाखवून दिले की तेथील वेडेवाकडे, खुरटे पांढरे सीडर वृक्ष शेकडो वर्षांचे आहेत, काही तर हजार वर्षांहून जुने; त्यांची वार्षिक वर्तुळे मिलिमीटरहूनही पातळ असतात. तेथे आरोहणाच्या मार्गांवर वनस्पती कमी असल्याचेही आढळले. परंतु पुढील अभ्यासात असे दिसले की या फरकाचा बराच भाग खडकाच्या घडणीमुळे आहे: आरोहक मुळातच गुळगुळीत, कमी भेगांचे आणि म्हणून आधीच ओसाड असलेले कडे निवडतात. खरे नुकसान बहुधा माथ्यावर होते, जिथे चढून आलेले लोक पायवाटेने परततात आणि आखूड गवतातील रोपे तुडवतात. जर्मनीत फ्रँकेन्युरा या प्रदेशातील वीझेंट आदी नद्यांच्या खोऱ्यांत यावर चांगली व्यवस्था बसली आहे. कड्यांचे तीन विभाग केलेले आहेत: काही कडे आरोहणास पूर्ण बंद, काहींवर फक्त जुने मार्ग, आणि काहींवर वनस्पतींच्या जागा सोडून नवे मार्गही चालतात. मार्ग माथ्याखालीच एका पक्क्या कडीपाशी संपतो आणि आरोहक तिथूनच खाली उतरतो. ही व्यवस्था आरोहकांच्या संघटनांशी बसून ठरवलेली असल्यामुळे पाळली जाते. बाहेरून लादलेल्या बंदीपेक्षा ती अधिक टिकते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तरेकडे तोंड असलेल्या किंवा झिरपत्या पाण्याच्या कड्यांना मात्र वरील काहीही लागू करू नये. तिथे शेवाळे, यकृतिका (शेवाळासारख्या लहान वनस्पती) आणि कोवळे नेचे सावलीवर आणि दमटपणावर जगतात. चुना मिसळलेले पाणी हवेत आले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि शेवाळाभोवती चुनखडीचे नवे थर जमतात. माथ्यावरील झाडे तोडली तर ऊन आणि वारा शिरून हे सारे वाळते.

दुर्मीळ रोपांच्या बियांची पेढी असावी, हा विमा म्हणून योग्य उपाय आहे. परंतु बागेतून विकत आणलेले कंद किंवा व्हाइटबीमची रोपे कड्याजवळ कधीही लावू नयेत. परक्या जातीच्या परागामुळे होणारा संकर परत घेता येत नाही. ब्रिस्टल रॉकक्रेस आणि गोल डोक्याचा रानकांदा या दोन्हींना 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार विशेष संरक्षण आहे, तेव्हा त्यांचे फूल तोडणेही गुन्हा ठरते.

शेवटी नोंदींविषयी, कारण काम उपयोगी ठरले की नाही हे त्यांवरच ठरते. होनवर्टची फुले मोजू नयेत, पानांची चक्रे मोजावीत. फुलांचे प्रमाण वर्षागणिक इतके बदलते की एखाद्या बहराच्या वर्षी मोजणी करणाऱ्याला खोटा दिलासा मिळतो. वर्षायू वनस्पतींसाठी वसंतातच जावे, नंतर त्या वाळून गेलेल्या असतात. ठरावीक जागेवरून, ठरावीक महिन्यात, दरवर्षी एक छायाचित्र घ्यावे आणि तुलनेसाठी झाडी काढलेल्या तुकड्याशेजारी एक तुकडा मुद्दाम जसाच्या तसा ठेवावा. या तुकड्याचाही हिशेब ठेवला, म्हणजे कड्याला एकटे सोडल्यास काय होते याचे उत्तर त्या विशिष्ट खोऱ्यापुरते तरी मोजून देता येते.